मोकळा फोन आणि वाड्याची किल्ली

गेल्या दोन अंकांत या सदरांत आपण घरांतील विजेच्या उपकरणांची निगा कशी राखावी याचा विचार केला. त्यावर वाचकांचीं जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं नांदेडच्या एका भगिनीचें पत्र प्रस्तुत लेखास निमित्त झालें आहे. त्यांचे चिरंजीव लातुरास अकरावींत शिकतात. भगिनी लिहितात : "सुटीवर आला कीं हा मुलगा कपाटांतला जुना फोन काढून बसतो. म्हणतो, यांत कंपनीनें घातलेली व्यवस्था पुसून दुसरी बसवितों, म्हणजे फोन पुन्हा धावूं लागेल. त्याचे वडील म्हणतात, अभ्यास सोडून हे उद्योग कशाला? आणि सासूबाई विचारतात, फोन आपल्या पैशाचा, मग त्यांतलें काढायला-घालायला कंपनीला कशाला विचारायचें? यांत मीं कोणाची बाजू घ्यावी?"

तिघांत सासूबाईंचा प्रश्न सर्वांत मूलगामी आहे, असें मला वाटतें. परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं विषय नीट समजून घेतला पाहिजे. न्यायशास्त्रांत कोणत्याहि पदार्थाचा विचार उद्देश, लक्षण आणि परीक्षा या क्रमानें करावा असें सांगितलें आहे. म्हणजे आधीं वस्तूचें नांव घ्यावें, मग तिचें लक्षण सांगावें, आणि शेवटीं तें लक्षण टिकतें कीं नाहीं हें पारखावें. आपणहि तोच क्रम धरूं.

ज्या वस्तूस चिरंजीव पुसूं पाहत आहेत तिचें नांव ऑपरेटिंग सिस्टीम. मराठींत तिला कार्यप्रणाली म्हणावें. तिचें लक्षण ध्यानीं येण्यासाठीं एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करा. वाड्याला चौक आहेत, कोठारें आहेत, विहीर आहे, दिंडी दरवाजा आहे. परंतु हें सर्व जड. कोठार केव्हां उघडावें, पाहुण्यास कोठवर येऊं द्यावें, पाणी कोणास किती द्यावें, हें पाहणारा कारभारी असल्यावांचून वाडा चालत नाहीं. फोनचा पडदा, विजेचा साठा, कॅमेरा, आवाज टिपणारा माइक, हीं त्या वाड्याचीं अंगें. कार्यप्रणाली हा कारभारी. आणि आपण जीं ॲप म्हणून घेतों ते आलेगेले पाहुणे.

आज जगांत असे दोनच कारभारी मातब्बर आहेत. एक ॲपल कंपनीचा आयओएस. तो आयफोनबरोबर २००७ सालीं आला. दुसरा गूगलचा अँड्रॉइड. त्याचा पहिला फोन २००८ सालीं बाजारांत आला. आपल्याकडील बहुतेक घरांत हा दुसराच असतो. यांत मौजेची गोष्ट अशी कीं, अँड्रॉइडचा गाभा मुळांत कोणा एका कंपनीचा नव्हेच. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्डस् या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स नांवाचा गाभा रचला आणि तो सर्व जगास खुला करून दिला. त्यापूर्वीं आठ वर्षें, १९८३ सालीं, अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं असा विचार मांडला होता कीं, संगणकाची आज्ञावलि ही विद्येसारखी असावी. ती हव्या त्या कामास लावण्याची, वाचून समजून घेण्याची, तींत सुधारणा करण्याची आणि ती दुसऱ्यास देण्याची मोकळीक ज्याच्या त्याच्या हातीं असावी. या विचारांतून जें कार्य उभें राहिलें, त्याचींच फळें आज आपल्या खिशांत आहेत. अँड्रॉइडचा बराचसा मूळ ग्रंथ आजहि कोणासहि वाचतां येतो.

मग दुकानांतून आणलेला फोन मोकळा कां नसतो? त्याचें कारण दिंडीवरचा पहारेकरी. कळ दाबतांच फोनमध्यें सर्वांत आधीं जी लहानशी आज्ञावलि जागी होते तिला बूटलोडर म्हणतात. कोणता कारभारी आंत घ्यावा हें ती ठरविते. बहुतेक फोनांत या पहारेकऱ्यास अशी ताकीद दिलेली असते कीं, कंपनीची मुद्रा ज्याच्यावर आहे त्यालाच आंत सोडावें. कांहीं कंपन्या धन्यानें मागितल्यास हें कुलुप उघडून देतात, कांहीं मुळींच देत नाहींत, आणि अलीकडे कित्येकांनीं ही सोय अधिकच आवळली आहे.

आतां सासूबाईंचा प्रश्न घेऊं. लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, आजच्या बीदर जिल्ह्यांत, बसवकल्याण आहे. चालुक्यवंशी सहाव्या विक्रमादित्याची ही राजधानी. त्याच्या अमदानींत विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. पुढें इंग्रजी न्यायालयांनीं वारसाहक्काच्या कामीं तिचाच आधार घेतला. या ग्रंथांत स्वत्व म्हणजे मालकी ही शास्त्रवचनानें उत्पन्न होते कीं लोकव्यवहारानें, असा वाद घालून ती लौकिक आहे असा निर्णय दिला आहे. आणि मालकीचें लक्षण पंडित करतात तें यथेष्ट विनियोग. आपल्या इच्छेप्रमाणें वस्तूचा उपयोग करण्याची पात्रता. गहाण ठेवून घेतलेली वस्तु अटीप्रमाणें भोगतां येते, पण मोडतां येत नाहीं, विकतां येत नाहीं. म्हणून ती आपली नव्हे. या कसोटीवर पाहिलें तर ज्या फोनचें पूर्ण मोल आपण दिलें, परंतु ज्याचा कारभारी बदलण्याचा अधिकार आपणांस नाहीं, तो फोन खरोखर विकत घेतला कीं नुसता भोगास घेतला, हा प्रश्न उभा राहतो. आमच्या आजीबाईंनीं मिताक्षरेचें नांव न घेतां तोच पूर्वपक्ष केला आहे.

परंतु उत्तरपक्षहि ऐकला पाहिजे. कुलुप ही वाईट वस्तु नव्हे. फोन एस.टी.च्या गर्दींत चोरीस गेला, आणि कोणासहि त्यांत आपला कारभारी घुसवितां येत असला, तर आपलीं छायाचित्रें, पत्रें आणि पेढीचे व्यवहार उघडे पडतील. म्हणून दरवाजास कुलुप हवेंच. वाद आहे तो किल्ली कोणापाशीं असावी एवढाच. वाडा बांधणाऱ्या गवंड्यानें काम संपल्यावर किल्ली धन्याच्या हातीं देणें हा लोकव्यवहार. गवंडी किल्ली घेऊन गेला आणि दर खेपेस त्याला बोलावणें धाडावें लागलें, तर तो व्यवहार कोणासहि चमत्कारिक वाटेल.

या प्रश्नाची व्यावहारिक बाजूहि लहान नाहीं. कार्यप्रणालींत वरचेवर दोष सांपडतात आणि ते दुरुस्त करून कंपनी नवी प्रत पाठविते. पितळी भांड्यास जशी ठराविक काळानें कल्हई लागते, तसेंच हें आहे. पण स्वस्त फोनांना ही कल्हई दोनतीन वर्षेंच मिळते. अलीकडे कांहीं महागड्या फोनांस सात वर्षांचें अभिवचन मिळूं लागलें आहे. परंतु सामान्य गृहस्थ जो फोन घेतो त्याचें भाग्य एवढें मोठें नसतें. पडदा शाबूत, यंत्र शाबूत, आणि केवळ कल्हई करणारा येत नाहीं म्हणून भांडें अडगळींत, अशी स्थिति होते. आपल्या घरीं जुन्या लुगड्याची वाकळ होते, वाकळेचें पायपुसणें होतें, आणि मगच त्याला रजा मिळते. त्या रीतीस हें शोभत नाहीं.

यावर उपाय म्हणून जगांत जे प्रयत्न झाले त्यांचा थोडक्यांत वृत्तान्त असा. ओपनमोको नांवाच्या मंडळींनीं २००७-०८ च्या सुमारास यंत्राची रचना आणि प्रणाली दोन्ही खुल्या असलेला फोन काढला. अँड्रॉइडच्याच खुल्या ग्रंथावरून स्वयंसेवकांनीं सायनोजेनमॉड ही प्रणाली रचली. ती २०१६ च्या अखेरीस बंद पडली आणि तिच्याच जागीं लिनिएजओएस उभी राहिली. ती आज कंपनीनें सोडून दिलेल्या कित्येक फोनांना नवें आयुष्य देते. उबुंटु टच ही प्रणाली २०१३ सालीं जाहीर झाली. मूळ कंपनीनें २०१७ सालीं अंग काढून घेतलें, तेव्हां यूबीपोर्टस् नांवाच्या स्वयंसेवकांच्या मंडळानें ती दत्तक घेतली. त्याच २०१७ सालीं पोस्टमार्केटओएस सुरू झाली. फोन दहा वर्षें चालावा हें तिचें ध्येय. हॉलंडांतील फेअरफोन कंपनीनें २०१५ सालीं काढलेल्या फोनास २०२३ पर्यंत सुधारणा पुरविल्या. म्हणजे मनांत आणल्यास हें अशक्य नाहीं.

आपल्या देशांतहि प्रयत्न झाले. २०१४ च्या ऑगस्टांत मोझिला संस्थेच्या फायरफॉक्स प्रणालीचा फोन येथें अवघ्या १,९९९ रुपयांस विक्रीस आला होता. ती प्रणाली फोनापुरती लवकरच थांबली. परंतु तिच्या बीजापासून कायओएस झाली, आणि तीच घेऊन २०१७ सालीं जिओफोन आला. नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांत ज्यांनीं तो बटनांचा फोन वापरला, त्यांनीं नकळत या मोकळ्या वंशाचाच उपभोग घेतला.

महाराष्ट्रापुरतें बोलायचें तर मुंबईच्या आयआयटींतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनीं काढलेली इंडस ओएस विशेष स्मरणीय आहे. अँड्रॉइडच्याच पायावर रचलेली ही प्रणाली २०१५ पासून मायक्रोमॅक्स कंपनीच्या फोनांत येऊं लागली. इंग्रजी न जाणणाऱ्या माणसास फोन आपल्या भाषेंत वापरतां यावा, हा तिचा हेतु. मराठी, गुजराती आदिकरून भाषांत लिहिण्याची सोय आणि इंग्रजी संदेशाचें तेथल्या तेथें भाषांतर, हे तिचे गुण. परंतु पुढें देशी फोनांचा बाजार ओसरला आणि प्रणालीचें तारूं फोनाच्या तारवाबरोबरच मागें पडलें. ती संस्था फोनपे कंपनीनें घेतली, आणि तिचें नांव आतां २०२४ सालीं उघडलेल्या ॲपांच्या बाजारास राहिलें आहे. यावरून एक बोध घ्यावा : कारभारी कितीहि चांगला असला तरी तो परक्याच्या वाड्यांत राहत असेल, तर वाडा विकला जातांच त्याची चाकरी जाते. २०२३ च्या जानेवारींत मद्रास आयआयटीच्या आश्रयानें जाहीर झालेल्या भारओएस प्रणालीसमोरहि हाच प्रश्न आहे.

म्हणूनच कांहींनीं वाडाच मोकळा बांधावा असें ठरविलें. पाइनफोन हें त्याचें उदाहरण. २०२० च्या जानेवारीपासून तो लोकांच्या हातीं गेला. मोल तेव्हां दीडशें डॉलरच्या आंत, यंत्र बेताचें. पण दिंडी सताड उघडी. त्याची पाठ सहज निघते, बॅटरी हातानें बदलतां येते, आणि आंत सहा बारीक बटनें आहेत : एकानें दूरध्वनीचा भाग, दुसऱ्यानें माइक, इतरांनीं कॅमेरे वगैरे प्रत्यक्ष विजेपासून तोडतां येतात. कारभारी 'मी ऐकत नाहीं' असें म्हणतो यावर विश्वास ठेवण्याची गरजच नाहीं. माइकची तार तोडली कीं ऐकणें खुंटलें.

अशा फोनावर नवी प्रणाली घालणें किती सोपें असतें तें पाहा. संगणकावर प्रणालीची प्रत उतरवून घ्यावी. तिची शुद्धता तपासावी. मग ती नखाएवढ्या मेमरी कार्डावर विशिष्ट आज्ञावलीनें उमटवावी; नुसती नक्कल करून चालत नाहीं. कार्ड फोनांत घालून कळ दाबावी. हा फोन आधीं कार्डाकडे पाहतो. तेथें कारभारी सांपडला तर त्याला कामावर घेतो, न सांपडला तर पोटांतील जुन्यास हांक मारतो. कार्ड काढलें कीं पूर्वस्थिति. एका कार्डावर दहांहून अधिक प्रणाल्या एकत्र बसवून, रोज एक पारखण्याची सोयहि हौशी मंडळींनीं केली होती. नवा कारभारी कायमचा नेमण्यापूर्वीं त्याला पंधरा दिवस वारावर ठेवून पाहावें, तसाच हा प्रकार.

'शुद्धता तपासावी' या शब्दांवर क्षणभर थांबतों. कारण यांत संस्कृताच्या विद्यार्थ्यास ओळखीचें कांहीं दिसेल. उतरवून घेतलेल्या प्रतीपासून गणितानें चौसष्ट चिन्हांची एक मुद्रा काढतात. मूळ प्रकाशकानें आपली मुद्रा जाहीर केलेली असते. प्रत कोट्यवधि अक्षरांची असली, आणि तींतील एकच अक्षर वाटेंत बदललें, तरी मुद्रा अगदीं वेगळी येते. वैदिकांनीं संहितेबरोबर पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले, ते याच हेतूनें. एक मात्रा ढळली तरी पाठांचा मेळ बसूं नये आणि चूक तत्काल उघडी पडावी. साधन निराळें, तत्त्व एकच. ही तपासणी जो टाळतो तो कारभारी नेमतांना त्याचें गांव-नांव विचारीत नाहीं असें समजावें.

कपाटांतल्या सामान्य जुन्या फोनाचा मार्ग मात्र इतका सरळ नाहीं. प्रथम त्या नेमक्या फोनासाठीं कोणी प्रणाली रचली आहे काय हें पाहावें लागतें. एकाच नांवाच्या दोन फोनांत आंतील यंत्र भिन्न असूं शकतें. तेव्हां नांव जुळलें एवढ्यावर जाऊं नये, पूर्ण क्रमांक ताडून पाहावा. नंतर फोनांतील जें जें हवें असेल तें दुसरीकडे ठेवावें; कारण कुलुप उघडतांच आंतील सर्व कांहीं पुसलें जातें, आणि हें चोरापासून संरक्षण म्हणून मुद्दामच केलेलें असतें. कांहीं कंपन्या कुलुप उघडण्यापूर्वीं नांव नोंदवून कित्येक दिवस वाट पाहावयास लावतात. हमीची मुदत शिल्लक असल्यास तीहि बुडूं शकते. मग तारेनें संगणकास जोडून नवी प्रणाली चढवावी. बॅटरी निदान अर्धी भरलेली असावी. कारण अर्ध्या वाटेवर वीज संपली तर ना जुना कारभारी, ना नवा. फोनाच्या अशा निश्चेष्ट स्थितीस जाणते लोक 'वीट झाली' असें म्हणतात. पंढरीच्या विटेस निदान देवाचे चरण लाभले. या विटेच्या नशिबीं तेंहि नाहीं.

परीक्षेचा पुढील भाग आपल्या भाषेचा. मराठी वाचकानें नव्या प्रणालींत सर्वप्रथम 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द लिहून पाहावेत. पहिल्यांत गुरूंना बोलावणें जाईल, दुसऱ्यांत स्वयंपाक्यांना. भेद केवळ त्या आडव्या रकाराचा. हिंदीस हा रकार लागत नाहीं. म्हणून हिंदीच्या मापानें केलेल्या लिपींत आणि कळफलकांत तो पुष्कळदां हरवतो. मराठी वळणाचे ल आणि श हेहि असेच अनाथ होतात. आणि देवनागरीचे टांकच प्रणालींत नसले, तर अक्षरांच्या जागीं पोकळ चौकोन उमटतात. बाजारांतील फोनांनीं भारतीय भाषा दाखविल्याच पाहिजेत, अशी अधिसूचना केन्द्र सरकारनें २०१६ सालीं काढली. परंतु आपण स्वतः आणलेल्या कारभाऱ्यास ती कोण ऐकविणार? सुदैवानें मोकळ्या जगांतहि आपली सोय झालेली आहे. पुण्यांतील रेड हॅटच्या कार्यालयांत ज्यांवर काम झालें ते लोहित टांक, मुंबईच्या एक टाइप मंडळींचा मुक्त हा टांक, हे कोणासहि विनामूल्य घेतां येतात. लोहित टांक अनेक मोकळ्या प्रणाल्यांबरोबर आयतेच येतात.

आतां सर्वांत कठीण परीक्षा. आमच्या आळींतील एका कुटुंबाचा मुलगा नांदेडास अभियांत्रिकी शिकतो. गतवर्षीं श्रावणांत त्यानें आपल्या रोजच्या फोनावर मोकळी प्रणाली बसविली. फोन धावूं लागला. संदेश येत, जाळ्यावरील कामें होत. तो समाधानी होता. त्याच आठवड्यांत एका रात्रीं लातुरास त्याच्या आजी न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या. घरांत त्या आणि सूनबाई दोघीच. मुलाचे वडील नोकरीनिमित्त परगांवीं. सूनबाईंनीं मुलास सात वेळां फोन लावला. दर वेळीं संपर्क होत नसल्याचें उत्तर. शेवटीं शेजाऱ्यांनीं आजींस रुग्णालयांत नेलें. पहांटे खोलीसोबत्याच्या फोनावर निरोप गेला, तेव्हां मुलगा लोहा-अहमदपुरावरून तीन तासांची वाट काढून आला. मांडीचें हाड मोडलें होतें. शस्त्रक्रिया झाली, आणि आतां आजी काठी घेऊन देवदर्शनास जातात.

फोन कां वाजला नाहीं? पूर्वीं बोलणें एका वाटेनें जात असे आणि जाळ्यावरील मजकूर दुसऱ्या. चौथ्या पिढीच्या जाळ्यांत बोलणेंहि मजकुरासारखेंच तुकडे होऊन जातें. त्याला व्होल्टे म्हणतात. कांहीं दूरध्वनि कंपन्यांनीं बोलण्याची जुनी वाटहि चालू ठेवली आहे. परंतु ज्यांचें जाळेंच नव्या पिढीचें, त्यांच्यापाशीं दुसरी वाट नाहीं. ही नवी वाट चालण्याची रीत फोनागणिक आणि कंपनीगणिक वेगळी, आणि पुष्कळदां ती गुप्त. म्हणून मोकळ्या प्रणालींस ती साधतेच असें नाहीं. मजकूर येतो, घंटा वाजत नाहीं. आणि वापरणाऱ्यास आपण बहिरे झालों आहों हें कळतहि नाहीं. आजींनीं नातवास रागें भरलें नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, "बाळ, तुझा फोन मोकळा असूं दे, पण आमची हांक त्याला ऐकूं आली पाहिजे." मुलानें मोकळी प्रणाली सोडली नाहीं; ती एका जुन्या फोनावर नेली, आणि रोजच्या फोनांत मूळची व्यवस्था परत घातली.

पैशाच्या व्यवहाराचेंहि असेंच आहे. यूपीआय २०१६ सालीं आलें आणि भाजीवालीपासून भटजींच्या दक्षिणेपर्यंत पोंचलें. परंतु पेढ्यांचीं कित्येक ॲपें काम करण्यापूर्वीं फोनांतील कारभाऱ्याचें प्रशस्तिपत्र गूगलकडे मागतात. कारभारी अनोळखी दिसला कीं दार लावून घेतात. यांत त्यांचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं. जोखीम त्यांचीहि आहे. पण मोकळीक घेणाऱ्यानें तिचें मोल आधीं जाणावें.

एवढी परीक्षा झाल्यावर भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. त्यांनीं तिघांचीहि बाजू थोडथोडी घ्यावी. सासूबाईंचें तत्त्व खरें : वस्तु आपली, किल्ली आपली असावी. पुढील फोन घेतांना दुकानदारास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : याला सुधारणा किती वर्षें मिळतील, आणि कुलुप उघडण्याची सोय आहे काय? गिऱ्हाइकें विचारूं लागलीं म्हणजे दुकानदार उत्तरें शोधूं लागतात. वडिलांचें म्हणणेंहि खरें : लातुरास मुलगा ज्या अभ्यासासाठीं ठेवला आहे तो आधीं, हा उद्योग सुटीपुरता. आणि चिरंजीवांना कपाटांतला जुना फोन खुशाल द्यावा; मात्र तीन अटींवर. ज्या फोनावर घरची हांक येते, ज्यांत पेढीचा व्यवहार आहे, त्याला हात लावूं नये. कामास लागण्यापूर्वीं फोनांतील जुनीं छायाचित्रें काढून जपावीत. नातवंडांचीं बारशीं आणि मुंजी पुन्हा टिपतां येत नाहींत. आणि जें करील तें वहींत क्रमवार लिहून ठेवावें. बिघडलें तर कोठें बिघडलें तें सांगतां आलें पाहिजे. लिनक्सचे प्राथमिक पाठ मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमांत मराठींतहि आहेत. त्यांपासून आरंभ करावा.

असा उजवलेला फोन पेढीस चालला नाहीं तरी घरास पुष्कळ उपयोगी पडतो. त्यांत सिमकार्ड न घालतां कीविक्स या आज्ञावलीनें मराठी विकिपीडिया सबंध भरून ठेवतां येतो, आणि मग जाळें नसलेल्या शेतावरहि तो वाचतां येतो. देवघराजवळ ठेवून सकाळीं स्तोत्रें ऐकतां येतात. आजोबांस मोठ्या अक्षरांत ग्रंथ वाचतां येतात. मुलांस जाहिरातींच्या माऱ्यावांचून शब्दकोश पाहतां येतो.

याहून मोठा लाभ एक आहे, आणि तो आपल्या प्रांतास अधिक कळावा. मराठवाड्यांत १९४८ पूर्वीं सरकारी कारभार आणि वरचें शिक्षण उर्दूंतून चाले. ती भाषाहि गोड आणि समृद्ध. परंतु आपल्या मुलांनीं आपल्या भाषेंत शिकावें म्हणून येथील लोकांस खासगी शाळा आणि ग्रंथालयें काढून झटावें लागलें. आज फोनांत मराठी किती आणि कशी असावी हें दूरदेशींच्या कंपन्या ठरवितात. त्यांनीं दिली तर ती कृपा, न दिली तर उपाय नाहीं. मोकळ्या प्रणालींत मात्र शब्द चुकलेला दिसला, आडवा रकार मोडलेला दिसला, तर लातुरास बसलेला अकरावीचा मुलगा तो स्वतः दुरुस्त करून पाठवूं शकतो. आणि ती दुरुस्ती मान्य झाली कीं अमेरिकेंतील मराठी कुटुंबापर्यंत पोंचते. त्यासाठीं कोणाची परवानगी लागत नाहीं. शुद्धलेखन मात्र यावें लागतें. तेवढें आपण घरींच शिकवूं शकतों, आणि शिकवावें.